वरच्या जबड्याचे पाच रुपये

माझ्या लग्नाच्या वर्षी साधारण तीन आठवडे माझ्या तोंडात दोन रंगांचे दात होते. वरचे पांढरे, खालचे काळे. हे जन्मापासून नव्हतं आणि कुठल्या रोगानंही झालं नव्हतं. आमच्या बाबांनी सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं राहून, चार लोकांचा सल्ला घेऊन, पूर्ण शुद्धीत हे घडवून आणलं होतं.

काळे का होते ते आधी सांगतो. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. आमच्या भंडारा जिल्ह्यात, करडीकडच्या भागात तेव्हा दात घासायचे म्हणजे गुडाखूनं घासायचे. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाचा काळा लगदा, पत्र्याच्या गोल डबीत मिळायचा. बोटावर घ्यायचा, तळ्याच्या पाळीवर उकिडवं बसायचं आणि डोकं जरा गरगरेपर्यंत हिरड्यांवर फिरवत राहायचं. बाया, माणसं, सगळेच घासायचे. पाहुणा आला तर चहाच्या आधी डबी पुढे करायची रीत होती. दात मजबूत राहतात, पोट साफ होतं, अशी कारणं लोक सांगत. खरं कारण एवढंच होतं की सकाळी नाही घासलं तर माणूस दुपारपर्यंत कोणावर तरी खेकसल्याशिवाय राहत नसे.

मी मॅट्रिकच्या वर्षी सुरुवात केली. मास्तरकीच्या ट्रेनिंगला गेलो तेव्हा दिवसातून दोनदा, आणि बपेऱ्याच्या शाळेवर लागलो तेव्हा तीनदा. तिसरीच्या पोरांना 'दात स्वच्छ ठेवावेत' हा धडा मी शिकवायचो. पोरं माझ्या तोंडाकडे बघत तो धडा पाठ करायची. त्यांच्या मनात काय येत असेल याचा विचार तेव्हा मला शिवला नव्हता.

आता बाबा. बाबांची सात एकर धानाची शेती होती, कोणाचं देणं नव्हतं, घरात खायला भरपूर होतं. पण सरकारच्या बाबतीत त्यांचं एक पक्कं मत होतं. सरकारी म्हणजे फुकट. आपण शेतसारा भरतो, तर दवाखाना, शाळा, बियाण्याचं प्रदर्शन हे सगळं आपलं आहे, आणि आपल्याच वस्तूला पैसे देणारा माणूस मूर्ख. ते मूर्ख ठरायला तयार नसत. शेजाऱ्याच्या पोराच्या बारशाला पायलीभर तांदूळ हसत देणारा हा माणूस सरकारी खिडकीवर आठ आण्यांसाठी अर्धा तास हुज्जत घालायचा. माझा पगार महिन्याच्या महिन्याला बाबांच्या हातात जायचा आणि मला एसटीच्या भाड्यापुरते पैसे मिळायचे. तेव्हा घरोघरी असंच होतं, मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

पंचवीस वर्षांचा झालो तेव्हा मुली पाहणं सुरू झालं. मोठ्या बहिणीचे यजमान, आमचे भाटवे, यांनी पवनीकडच्या कोंढ्याचं एक स्थळ आणलं. मुलगी दहावी पास, घरची थोडी शेती. बाबा, भाटवे आणि मी गेलो. पोहे झाले, चहा आला, मुलगी येऊन सतरंजीच्या कडेला बसली. बाबांनी नेहमीचे प्रश्न विचारले.

"रोवणं येते का?"

"येते."

"गायीची धार काढता येते?"

"येते."

मग भाटव्यांनी, आपण किती सुधारलेले आहोत हे दाखवायला, म्हटलं, "तुले काई विचारायचं असन तं तूही विचार, बाई."

हे वाक्य म्हणायची पद्धत होती. त्यावर मुलीनं मान खाली घालून नाही म्हणायचं, हीसुद्धा पद्धत होती. तिनं मान वर केली. थेट माझ्याकडे पाहिलं.

"तुमचे दात असे काहून हायेत?"

बाबांच्या हातातली बशी तिरपी झाली. मुलीच्या आईनं कपाळाला हात लावला. मुलीचे वडील म्हणाले, "थोडी बोलकी हाय आमची." भाटवे घाईनं म्हणाले, "थो गुडाखूचा रंग हाय, बाई. दात पक्के हायेत."

"दिवसातून किती खेपा घासता?" तिनं भाटव्यांना नाही, मला विचारलं.

"सकाळी," मी म्हणालो.

"सकाळीच?"

"दुपारी पण. आणि शाळा सुटल्यावर."

गृहपाठ न केलेल्या पोरासारखा मी उभा होतो, म्हणजे बसलेलो होतो पण अवस्था तीच. आणि नेमक्या त्याच वेळी ती मला आवडली. खोटं कशाला सांगू? त्याआधी मी तीन मुली पाहिल्या होत्या. त्या तिघींनी सतरंजीकडे पाहिलं, त्यांच्या बापांनी माझ्या पगाराकडे पाहिलं, आमच्या बाबांनी त्यांच्या गोठ्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहणारी ही पहिली. तिला दात दिसले हे माझं दुर्दैव, पण पाहिलं तर खरं.

चार दिवसांनी भाटवे निरोप घेऊन आले. अंगणात खाटेवर बसले, पाणी प्यायले आणि चाचरत म्हणाले, "बाकी सारं पसंत हाय त्यायले. पोरगी म्हणते, दात साफ करून या, मंग पाहू."

बाबा खाटेवरून उठलेच. "बैल विकाले नेला होता का मी, दात पाहाले?"

"तसं नाई, बाबाजी. तिच्या घरी बिड्या वळाचं काम हाय. दिवसभर तिचे हात तंबाखूत. थे म्हणते, बिड्यायचं सूप खाली ठेवल्यावर तरी मले तंबाखू दिसू नये."

"मंग दुसरीकडे पाह्यतो. पोरींचा काय तोटा हाय का?"

मी ओसरीवर वह्या तपासत होतो. मला माझाच आवाज ऐकू आला. "बाबा, मला तीच करायची आहे."

आमच्या घरात मी याआधी कधी असं वाक्य बोललो नव्हतो. बाबांनी मला वरून खाली पाहिलं. मग आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "घासू ना मंग. पितळ घासतो, दात काय मोठी गोष्ट हाय?"

आईनं पितळेचंच औषध केलं. चिंच आणि राख. आमच्याकडचे पाण्याचे गुंड आणि परात त्यानं सोन्यासारखे निघायचे. माझे दात होते तसेच राहिले, ओठ मात्र सुजून वर आले आणि दोन दिवस मी शाळेत नाकानं शिकवलं. मग लिंबू-मीठ झालं, कोळसा झाला, विटेचा भुगा झाला. विटेच्या भुग्यानं हिरड्यांतून रक्त आलं तेव्हा शेजारची एक म्हातारी म्हणाली की भंडाऱ्याला सरकारी दवाखान्यात दाताची खोली आहे, तिथं एक बाई यंत्रासारखे दात घासून देते.

"सरकारी?" बाबांनी विचारलं.

"सरकारी."

"चाल मंग."

सोमवारी आम्ही पहिल्या एसटीनं निघालो. मी रजा टाकली होती. बाबांनी धुतलेलं धोतर, काळी टोपी आणि खांद्यावर दुपट्टा असा लग्नाला जायचा वेश केला होता. केसपेपर काढला, रांगेत बसलो, दाताच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडून आत बॅटरी मारली आणि म्हणाले, "दात उत्तम आहेत. किटण चढलं आहे, त्यावर गुडाखूचा थर. शेजारच्या खोलीत बाई आहेत, त्या साफ करतील."

बाबांनी माझ्याकडे विजयानं पाहिलं. डॉक्टरनं दात उत्तम म्हटले होते, आणि तेही फुकटात.

शेजारच्या खोलीत पांढरा कोट घातलेली मध्यम वयाची एक बाई होती. ठेंगणी, चष्मा, हातात चिमटा. तिनं केसपेपर पाहिला आणि म्हणाली, "खिडकीवर पैसे भरून पावती आणा."

"कायचे पैसे?" बाबा म्हणाले.

तिनं चिमट्यानं भिंतीवरचा तक्ता दाखवला. मी मोठ्यानं वाचला. तपासणी, मोफत. दात काढणे, मोफत. दात साफ करणे, एका जबड्यास रुपये पाच.

बाबांनी मला तो तक्ता पुन्हा वाचायला लावला. मग बाईंना म्हणाले, "दात मुळापासून उपटाचा, सुई टोचाची, रक्त पुसाचं, थे फुकट. अन् नुसता वरचा मळ काढाचा, त्याले पैसे?"

"हो."

"असं काहून?"

"दुखणं असलं की सरकार बघतं. सफाईचे वेगळे पैसे पडतात. नियम आहे."

बाबा विचारात पडले. बाबा विचारात पडले की मला धास्ती वाटायची. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "काढाचे असन तं किती दात फुकट काढता?"

"म्हणजे?"

"म्हणजे एक काढला काय अन् सारे काढले काय, फुकटच ना?"

"दुखत असतील तर."

बाबा हळूच माझ्याकडे वळले. "दुखून राहिले का रे तुझे?"

"नाही!" मी एवढ्यानं ओरडलो की बाकावर बसलेले सगळे पेशंट आपापलं दुखणं विसरून बघायला लागले. बाबा पुढे आयुष्यभर म्हणत राहिले की ते थट्टा करत होते. मी त्यांचा चेहरा पाहिला होता. त्यात थट्टा नव्हती.

"ठरवा लवकर," बाई म्हणाल्या. "माझी बाहेर रांग आहे."

आम्ही व्हरांड्यात आलो. मी म्हणालो, "बाबा, दहाच रुपये आहेत." बाबा म्हणाले, "दहाचा सवाल नाई." आणि तो खरंच दहाचा सवाल नव्हता. सकाळी भाड्याचे पैसे त्यांनी एका शब्दानंही न बोलता दिले होते आणि येताना मला जिलबीही खाऊ घातली होती. पण सरकारी भिंतीआड पैसे द्यायचे म्हणजे त्यांचा जीव जायचा. मग त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं.

"हास," ते म्हणाले.

"काय?"

"हास ना, लेका. पोरीपुढे हासशील तसा हास."

दहा-पंधरा माणसांच्या समोर, दवाखान्याच्या व्हरांड्यात, मी हसलो. धानाच्या रोवणीआधी पऱ्हे, म्हणजे रोपं, पाहावीत तशी बाबांनी मान तिरपी करून पाहणी केली. मग बाकावरच्या एका म्हातारीला, जिच्या सुजलेल्या गालावरून कपडा बांधलेला होता, त्यांनी विचारलं, "बाई, तुमीच पाहा. हा हासला तं खालचे दिसतात का?"

म्हातारीनं एका डोळ्यानं नीट निरखलं. गालावर हात दाबून म्हणाली, "वरचेच दिसतात. खालचे ओठाच्या आड हायेत."

"बोलताना जरा दिसतात," पलीकडचा एक माणूस म्हणाला.

"बोलाचं कमी करन थो," बाबा म्हणाले आणि खिडकीकडे निघाले.

खिडकीतल्या बाबूनं पावती पुस्तक उघडलं. "दोन्ही जबडे?"

"वरचा."

"वरचाच?"

"तक्त्यावर एका जबड्याचे पाच लिवलं हाय ना?"

ते लिहिलेलं होतंच. बाबूनं थोडा वेळ लेखणी वर धरली, मग नियमात बसतंय म्हटल्यावर पावती फाडली. त्यावर त्यानं 'वरचा जबडा' असं लिहून खाली रेघ मारली.

बाईंनी पावती वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. "आणि खालचा?"

"पुढच्या वेळी," मी पुटपुटलो. मला लाज वाटत होती. पंचवीस वर्षांचा सरकारी मास्तर, आणि माझं अर्धं तोंड बापानं कापडासारखं मापून घेतलं होतं. बाईंना सांगावंसं वाटलं की मी असा नाही, पण मी तसाच तर होतो.

लोखंडी खुर्चीत मान मागं टाकली आणि बाईंनी कामाला सुरुवात केली. त्या काळी सगळं हातानंच. वाकड्या टोकाच्या सळया दाताच्या मुळाशी घालून खरवडायचं. आवाज थेट मेंदूत जायचा. पाच पाच मिनिटांनी बाई म्हणत, "थुंका," आणि मी थुंकलो की पांढऱ्या ताटलीत किटणाचे काळे तुकडे पडायचे. बाबा दारात उभे राहून लक्ष ठेवत होते. बाईंनी त्यांना बाहेर घालवलं तर ते खिडकीच्या गजाशी येऊन उभे राहिले. एकदा बाईंचा हात निसटला आणि सळई खालच्या दाताला लागली.

"बाई!" बाबा गजातून ओरडले. "थो खालचा हाय!"

त्यांना भीती अशी की खालचाही मोजून आणखी पाच मागतील. बाई चष्म्यावरून त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "चुकून लागलं. त्याचे घेणार नाही."

"नाई, सांगून ठेवलं बरं," बाबा म्हणाले.

शेवटी बाईंनी हातात गोल आरसा दिला. वरचे दात मी पहिल्यांदाच पाहत होतो, असंच म्हणायला हवं. दहा वर्षांत ते मला दिसलेच नव्हते. सुंदर होते. मला खरंच गहिवरून आलं. आणि त्याखाली, जळक्या तुराट्यांसारखी, खालची ओळ.

"गुडाखू सोडा," बाई म्हणाल्या.

"सोडते थो, सोडते," बाबांनीच उत्तर दिलं. त्यांच्या स्वतःच्या बंडीच्या खिशात तेव्हा भरलेली डबी होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत हजेरी घेताना तिसरीतली एक पोरगी उभी राहिली. "गुर्जी, तुमचे खालचे दात राहिले." हेडमास्तरांनी मधल्या सुट्टीत विचारलं, "हप्त्यानं घेतले का दात?" बपेऱ्याच्या चहाच्या टपरीवर आठवडाभर माझंच तोंड चर्चेला होतं. मी कमी बोलू लागलो. पोरांना वाटलं गुरुजी रागावलेत, त्यामुळे वर्ग मात्र कधी नव्हता एवढा शांत बसायला लागला.

आणि आता एक कबुली देतो, जी मी बरीच वर्षं कोणाला दिली नव्हती. गुडाखू माझ्यानं सुटली नाही. तिसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं, पोरांवर छडी उगारायला लागलो. मग मी एक मार्ग काढला. वरचे दात नुकतेच साफ झालेले, त्यांना हात लावायचा नाही. खालचे तर काळे आहेतच. तेव्हा गुडाखू फक्त खाली घासायची. बाबांचा मुलगा शोभलो मी.

दिवाळीनंतर, धानाची कापणी आटोपता आटोपता, भाटव्यांनी कोंढ्याला दुसऱ्यांदा जायचं ठरवलं. जायच्या आधी दोन दिवस घरी माझी तालीम चालली. आई आरसा धरायची आणि बाबा सूचना द्यायचे. "मान थोडी वर. खालचा ओठ घट्ट. हासाचं, पण लवकर आवराचं." आई म्हणाली, "मान वर केली तं गर्विष्ठ दिसते पोट्टा." बाबा म्हणाले, "गर्विष्ठ चालते, मास्तर हाय थो."

मला मात्र झोप लागत नव्हती. हे जमलं नाही तर पुढची सतरंजी, पुढचे पोहे, आणि माझ्याकडे न पाहणारी पुढची मुलगी. ते मला नको होतं.

कोंढ्याला आम्हाला बसवलं आणि पोह्यांऐवजी उकडलेल्या शिंगाड्यांची परात पुढे आली. तळ्यातले ताजे, काळ्या सालीचे. आमच्याकडे शिंगाडा सोलायची एकच रीत आहे. दातांत धरायचा, कचकन तोडायचा, साल ओढायची. त्याला तोंड चांगलं फाकवावं लागतं आणि वरचे-खालचे सगळे दात कामाला लावावे लागतात. बाबा आणि भाटव्यांनी ढीग लावला. मी एक शिंगाडा नखानं सोलायला गेलो, काटा नखाखाली घुसला, आणि मी तो हळूच परत परातीत ठेवला.

"घ्या ना, गुर्जी," मुलीचे वडील म्हणाले.

"पोट भरलं," मी ओठ न हलवता म्हणालो.

मुलगी आली. वडील म्हणाले, "पाह्य बाई, साफ केले त्यायनं दात."

मी शिकवल्याप्रमाणे मान वर केली, खालचा ओठ आवळला आणि हसलो. तिनं पाहिलं. "चांगले झाले," म्हणाली. बाबांनी सुस्कारा सोडला. भाटव्यांनी मांडी बदलली. तिच्या आईच्या चेहऱ्यावर हसू आलं. झालं असतं तेवढ्यातच सगळं.

पण तिनं परातीकडे पाहिलं. "तुमी एकही नाई खाल्ला?" आणि एक मोठा शिंगाडा उचलून तिनं स्वतःच्या हातानं माझ्यापुढे धरला.

तिच्या हातचा शिंगाडा नाकारणं मला जमलं नाही. घेतला. तोंड उघडलं. तोडला.

"खालचे तसेच हायेत," ती म्हणाली.

बाबा समजावणीच्या सुरात सांगायला लागले, "त्याचं असं हाय, बाई. सरकारी दवाखान्यात एका जबड्याचे पाच रुपये घेतात. उपटाले फुकट, घासाले पैसे. हासताना वरचेच दिसतात. म्हणून मी म्हटलं, खालच्याले कायले खर्च करा? चार लोकायले इचारलं मी तिथं."

"मले तं दिसले," ती म्हणाली.

भाटवे दाराकडे, चपलांकडे पाहायला लागले. आता गेलंच, असं मला वाटलं. गेलंच आहे तर निदान खरं सांगून जावं. माझ्या तोंडून भराभर निघून गेलं, "पैशाचं काही नव्हतं. मला बोलता आलं असतं, मी बोललो नाही. आणि गुडाखू अजून सुटली नाही माझी. रोज घासतो. वरचे खराब होऊ नयेत म्हणून आता फक्त खाली लावतो."

शेवटचं वाक्य ऐकून तिच्या वडिलांना ठसका लागला. तिनं पदर तोंडाला लावला आणि खाली पाहिलं. ती रागावली की काय ते मला कळेना. बाबांचा चेहरा लालबुंद झाला होता. "चाला," ते भाटव्यांना म्हणाले आणि उठले.

पण मुलगी पाहून झाल्यावर तिच्या हातावर पैसे ठेवल्याशिवाय आमच्याकडे उठत नाहीत. होकार असो की नकार, मुलीचा हात रिकामा ठेवायचा नाही. बाबा रीत सोडणारे नव्हते. त्यांनी बंडीतून दहाची नोट आणि एक रुपयाचं नाणं काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. सरकारी खिडकीवर पाच रुपयांसाठी मला हसायला लावणाऱ्या माणसाचा हात इथं जरासुद्धा अडखळला नाही. ती वाकून त्यांच्या पाया पडली. अशा वेळी मुलीनं ते पैसे घेऊन आत जायचं असतं.

ती आत गेली नाही. नाणं तिनं मुठीत ठेवलं आणि दहाची नोट माझ्यापुढे धरली.

"हे घ्या."

"अवं बाई," बाबा म्हणाले, "थे तुह्या हातावर ठेवले हायेत. वापस नाई देत."

"माह्या हातावर ठेवले म्हणजे माहेच झाले ना?"

"तुहेच."

"मंग मी पाहीन कुठं खर्चाचे थे." तिनं नोट माझ्या हातात दिली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "पाच तुमच्या खालच्या दाताचे." मग बाबांकडे वळली. आवाज थोडा खाली आला, पण घरातल्या सगळ्यांना ऐकू गेला. "अन् पाच मामाजीच्या वरच्या दाताचे."

आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते. लग्न ठरायच्या आधी कोणी म्हणत नाही. तिच्या आईनं एकदम पदरानं डोळे टिपले. भाटव्यांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की शिंगाड्याचा उरलेला तुकडा घशात गेला. मला मोठ्यानं रडावंसं वाटत होतं.

बाबा उभेच होते. आजवर त्यांना असं कोणी सुनावलं नव्हतं आणि असं कोणी आपलंही म्हटलं नव्हतं. त्यांनी टोपी काढली, परत घातली आणि खाली बसले.

"माह्या खालच्या दाताचे मी माह्या खिशातून भरीन, बाई," ते म्हणाले. "सरकारले देऊन टाकीन पाच रुपये."

आणि ते हसले. त्यांचे वरचे-खालचे सगळे काळे दात दिसत होते, आणि ती आमच्या दोघांच्याही तोंडाकडे बघत हसत होती.